दोनशे छप्पन पॉइंट एक

ऐंशी सालानंतरची काही वर्षं मी वसईतल्या एका लहानशा इस्पितळात रेकॉर्ड रूममध्ये कामाला होते. घरी गेलेल्या प्रत्येक पेशंटचा केसपेपर घ्यायचा, डॉक्टरांनी लिहिलेला आजार वाचायचा आणि एका जाड इंग्रजी पुस्तकातून त्याचा आकडा शोधून कोपऱ्यात लिहायचा, हे माझं काम. टायफॉइडला आकडा होता, विंचू चावण्याला होता, झाडावरून पडण्यालाही होता. वर्षाच्या शेवटी हे आकडे वर जायचे. वर म्हणजे कुठे, हे मी कधी विचारलं नाही.

एकदा जवळच्या नंदाखाल गावातल्या एक शिक्षिका दाखल झाल्या. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मुंबईच्या एका डॉक्टरांकडे त्या गुपचूप इंजेक्शनं घेत होत्या. त्या इंजेक्शनांनी अंडाशयांना नको तेवढा जोर आला. ती सुजली, पोटात पाणी झालं आणि चार दिवसांत बाईंना साडीच्या निऱ्या खोचता येईनात. उलट्या होत होत्या, धाप लागत होती. आमच्या डॉक्टरीणबाईंनी मुंबईला फोन लावून सगळं विचारून घेतलं, सलाइन सुरू केलं आणि रोज सकाळी टेपने बाईंचं पोट मोजायचं असं सिस्टरना सांगून ठेवलं.

इंजेक्शनांचं नवऱ्याला ठाऊक होतं, सासूबाईंना नव्हतं. सासूबाई भेटायला आल्या, त्यांनी सुनेचं पोट पाहिलं आणि काय ते समजून घेतलं. नातवंडासाठी आठ वर्षं त्या चर्चमध्ये नोव्हेना, म्हणजे नऊ-नऊ दिवसांची प्रार्थना, करत होत्या. दुसऱ्या दिवसापासून नंदाखालच्या बायका रांगेने येऊ लागल्या. कोणी शहाळी आणली, कोणी वाळवलेली सुकेळी. एकीने तर खाटेशेजारी बसून लोकरीचं टोपडं विणायला घेतलं. बाई डोळे मिटून पडून राहायच्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना बाजूला घेतलं.

"त्यांना दिवस गेलेले नाहीत. पोटात पाणी झालंय."

"पाणी तर असतंच, डॉक्टर," सासूबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "त्या पाण्यातच तर पोर असतं."

दोन आठवड्यांनी सूज उतरली आणि बाई घरी निघाल्या. तेव्हा त्या नवऱ्याला घेऊन माझ्या खोलीत आल्या. शाळेला सर्टिफिकेट लागणार होतं.

"आमचे हेडमास्तर सर्टिफिकेट स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचतात," बाई म्हणाल्या. "दुपारी वाचलं की संध्याकाळी अख्ख्या गावाला पाठ."

मी तेवीस वर्षांची होते आणि त्या खोलीत कंटाळलेली होते. म्हटलं, "आपण आजाराच्या जागी नुसता आकडा लिहू या."

आकडा सापडेना. इंजेक्शनांनी अंडाशयांवर ताण येणं, असा आजार पुस्तकाच्या सूचीत नव्हताच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंडाशयाच्या पानावर शोध." तिथे एक ओळ मिळाली, अंडाशयाचं काम प्रमाणाबाहेर होणं, इतर प्रकार. दोनशे छप्पन पॉइंट एक. पुस्तकाच्या मागच्या भागातून आणखी एक आकडा काढला, औषध नीट देऊनही झालेल्या अपायाचा. तो फक्त आमच्या कागदावर ठेवला. सर्टिफिकेटवर पहिला लिहिला. आकडा बरोबर होता, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सही केली.

चौथ्या दिवशी हेडमास्तर सर्टिफिकेट घेऊन माझ्यापुढे हजर.

"हा कसला आजार?"

"सर, पेशंटचा आजार आम्हाला सांगता येत नाही."

"साथीचा आहे का? माझ्या शाळेत मुलं आहेत."

"साथीचा नाही."

"मग काय आहे?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी पुस्तक उघडलं, अंडाशय या शब्दावर अंगठा ठेवला आणि उरलेली ओळ त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा सारखा करून वाचलं, "हायपर... फंक्शन."

"म्हणजे काम प्रमाणाबाहेर होणं, सर."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग हळूच म्हणाले, "चौथीचे दोन्ही वर्ग त्यांच्याकडेच आहेत. कवायतही त्याच घेतात. गॅदरिंगचं नाटकसुद्धा त्यांच्यावर टाकलंय."

"असं का," मी म्हटलं.

बाई शाळेत परतल्या तेव्हा त्यांच्याकडे एकच वर्ग होता. कवायत हेडमास्तर स्वतः घेऊ लागले होते. हे इतकं छान जमलं की महिन्याभरात त्याच शाळेतल्या आणखी दोन शिक्षिका माझ्याकडे आल्या. "तो दोनशे छप्पनवाला आजार आम्हालाही आहे का, जरा बघा," असं त्या म्हणत होत्या. ते डॉक्टरीणबाईंच्या कानावर गेलं आणि तिथे मी पकडले गेले.

"हेडमास्तरांशी खोटं बोललीस?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही. एक शब्द झाकला."

त्यांनी पुस्तक मागून ती ओळ वाचली. चेहरा कडक ठेवायला त्यांना बरेच कष्ट पडले. त्या दिवसापासून नुसत्या आकड्याचं सर्टिफिकेट बंद झालं आणि पुस्तक कुलपात गेलं. किल्ली माझ्याकडेच होती, पण मला ओशाळं वाटलं, हे खरं.

मूल मात्र त्या इंजेक्शनांनी झालं नाही. टोपडं विणणारी विचारायला यायची थांबली. बाईंनी एका दुपारी केळीच्या बागेत सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी पाटाचं पाणी पुढच्या आळ्याकडे वळवलं. मग म्हणाल्या, "एकटीच जात होतीस? मला सांगितलं असतंस तर मी आले असते सोबत."

वर्षभराने मुंबईच्या डॉक्टरांनी मात्रा कमी करून पुन्हा इंजेक्शनं दिली, तेव्हा प्रत्येक खेपेला सासूबाई बरोबर होत्या. पुढे आमच्याच इस्पितळात बाईंना मुलगी झाली. मी बघायला गेले तेव्हा सासूबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि शेजारच्या खाटांवरच्या बायकांना, भेटायला आलेल्यांना, झाडूवालीलासुद्धा, इंजेक्शन कुठे टोचतात आणि किती दिवस टोचतात ते सविस्तर सांगत होत्या. खाटेवर बाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला होता, आणि पदराआड त्या हसत होत्या.