कल्याणीताईंचं नवं मशीन

घोडेगावजवळच्या आमच्या दूध संघात कपाटाएवढा जुना मिनीकॉम्प्युटर होता. गावोगावच्या दुधाच्या नोंदी त्याच्यावर कल्याणीताई ठेवायच्या. कॅन धुता धुता त्या हे काम शिकल्या होत्या. १९९३ साली मशीन कायमचं बंद पडलं. आता प्रोग्रामही गेला तर परत कॅनच धुवावे लागणार, ही त्यांची धास्ती होती.

पुण्याचा इंजिनिअर भरत टेबलावर मावणारं मशीन घेऊन आला. जुने प्रोग्राम याच्यावर जसेच्या तसे चालतात, असं त्याने सांगितलं आणि आमचा प्रोग्राम आणि नोंदी फ्लॉपीवरून त्यात भरून ते बंद केलं. ताईंनी मात्र कूलर लावला आणि खोली गार व्हायची वाट बघत बसल्या. मोठ्या मशीनची तशीच रीत होती.

"ताई, हे पाहुणं एवढं नाजूक नाही. करा सुरू," भरत म्हणाला.

"तुमचं काय जातंय, राव? बिघडलं तर बोलणी मला."

शेवटी त्यांनी बटण दाबलं. थोड्या वेळाने पडद्यावर नेहमीचाच प्रश्न आला : गावाचा नंबर? ताईंनी अवसरीचा नंबर टाकला, तशी गवळ्यांची नावं ओळीने उमटली.

"आलं की. लई घाबरले व्हते."

संघाच्या सचिवांनी विचारलं, "मग नवं शिकायला कुणाला पुण्याला धाडायचं?"

"कशाला? मी हाये की," म्हणत ताईंनी पुढच्या गावाचा नंबर टाकला.