एसीतली नलिनी

आमची जुनी मंडळी भेटली की पहिली दहा मिनिटं गुडघेदुखी आणि मुलांची लग्नं यांत जातात. मग सुहास घसा खाकरतो आणि मी म्हणते, "झालं, उघडला याने गाळा." किस्से काही कोणी जपून ठेवत नाही हो. माळ्यावरच्या सामानासारखे ते आपोआप साठतात आणि एक ओढायला गेलं की चार अंगावर पडतात.

तर गाळा म्हणजे आमची कंपनी. अंधेरी पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. छोट्या कारखान्यांना तेव्हा स्वतःचा कॉम्प्युटर परवडायचा नाही. ते आपले हजेरीचे, पगाराचे, मालाचे कागद आमच्याकडे पाठवायचे आणि आम्ही ते कॉम्प्युटरमध्ये भरून, छापून परत द्यायचो. मालक कर्णिकसाहेब, पार्ल्याचे, बँकेतली चांगली नोकरी सोडून या भानगडीत पडलेले. सुहास आणि मी प्रोग्रॅम लिहायचो. नलिनी डेटा एन्ट्री करायची, म्हणजे कागदावरचं सगळं टाइप करायची. ती मनोरीची, कोळ्यांची मुलगी. सकाळी तरीने खाडी ओलांडून मार्व्याला, तिथून बस, मग गाडी, आणि तरी आमच्या सगळ्यांच्या आधी हजर. मी जोगेश्वरीला राहायचे, एका स्टेशनच्या अंतरावर, आणि रोज उशिरा पोचायचे.

*

कॉम्प्युटर तापू नये म्हणून एसी होता, आणि साहेब तो असा लावायचे की आमचे दात वाजायचे. भर मे महिन्यात मी घरून स्वेटर घेऊन निघायचे. समोरच्या काकूंनी काही दिवस हे बघितलं आणि मग आईला जिन्यात गाठलं.

"शैलाला थंडीताप येतो का हो रोज?"

"छे हो, तिच्या ऑफिसातच फार गार असतं. मशीनसाठी."

काकूंनी मान डोलावली. त्यांच्या भाच्याचं स्थळ माझ्यासाठी घाटत होतं, ते पुढच्याच आठवड्यात थंडावलं. कारण फिरत फिरत आमच्यापर्यंत आलं, "मुलगी चांगली आहे, पण बर्फाच्या कारखान्यात आहे."

भाचा पुढे चाळिशीच्या आत टकलू झाला, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

*

आमच्या दारावर 'कॉम्प्युटर सर्व्हिसेस' अशी पाटी होती. कॉम्प्युटर काय ते कोणाला कळायचं नाही, पण सर्व्हिसिंग सगळ्यांना कळायचं. एक दिवस एक बाई मिक्सर घेऊन आल्या. साहेब बाहेर गेले होते. सुहासने मिक्सर उघडला, आतली एक वायर जोडली आणि चालू करून दाखवला. बाई खूश. चार दिवसांनी त्यांच्या जाऊबाई इस्त्री घेऊन आल्या, आणि नेमके साहेब समोर.

"सुहास, आपण सॉफ्टवेअरवाले आहोत," साहेब कडाडले. "इस्त्र्या कसल्या दुरुस्त करतोस?" जाऊबाई घाबरून गेल्या. सुहास मान खाली घालून उभा. साहेब केबिनमध्ये गेले, दोन मिनिटांनी परत आले आणि हळूच म्हणाले, "टेबल फॅन जमतो का रे तुला? आमचा बंद पडलाय."

*

आमच्या डोक्यावर, वरच्या गाळ्यात, प्लास्टिकच्या बादल्या बनायच्या. त्यांचं मशीन सुरू झालं की आमचं व्होल्टेज पडायचं, स्क्रीन काळा व्हायचा आणि नलिनीने तासभर टाइप केलेलं सगळं गायब. वाट लागायची नुसती. साहेब दोनतीनदा वर जाऊन आले. हात जोडून, इंग्रजीतून. बादलीवाल्यांनी चहा पाजला आणि मशीन होतं तसंच चालू ठेवलं.

मग एकदा दुपारी पुन्हा स्क्रीन काळा झाला. नलिनी उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "शैला, मी जरा वर जाऊन येते गं."

आता या मुलीचं तोंड म्हणजे काय सांगू! घरात आई, आजी, आत्या सगळ्या बाजारात मावरं, म्हणजे मासे, विकणाऱ्या. नलिनीने पट्टा सुरू केला की समोरच्याने फक्त ऐकायचं असतं. आम्हाला तो स्लॅबमधून ऐकू येत होता. साहेबांनी दार लावून घेतलं, तरी ऐकू येत होता. पाच मिनिटांत ती खाली आली, खुर्चीवर बसली आणि पहिल्या ओळीपासून टाइप करायला लागली.

त्या दिवसापासून मशीन सुरू करायच्या आधी वरून माणूस यायचा आणि दारात उभं राहून विचारायचा, "ताई, चालू करू का?"

*

अशी ही नलिनी, आणि तिचं लग्न ठरायला आलं. मुलगा मढचा, बोटीवर जाणारा, आणि तिला मनापासून पसंत. इथपर्यंत सगळं झकास. पण मुलाची आई, हिराबाई, बोरिवलीच्या बाजारात बसायची. चांगली मोक्याची जागा, सासूकडून मिळालेली. आता तिचे गुडघे दुखत होते आणि तिला सून हवी होती ती त्या जागेवर बसायला. नलिनी म्हणाली, घरचं सगळं करीन, मासे साफ करीन, जाळी विणीन, पण कॉम्प्युटर सोडणार नाही. मुलगाही हवा आणि नोकरीही हवी.

"दोन्ही नाही मिळालं तर?" मी विचारलं.

"मग बघू," ती म्हणाली. पण त्या दिवशी तिने डबा उघडलासुद्धा नाही.

मला तर रडूच येत होतं, खरं सांगते. तिच्याशिवाय त्या थंड खोलीत बसायचं कसं? शेवटी हिराबाईने निरोप धाडला, की दसरा झाला की मी स्वतः येऊन बघते, काय आहे तुझं ते मशीन.

*

दसऱ्याला आम्ही कॉम्प्युटरची पूजा केली. साहेबांनी आधीच बजावून ठेवलं होतं, हळदकुंकू लांबून, पाणी अजिबात नाही. गुरुजी समंजस होते. त्यांनी एकच विचारलं, "यंत्राचं मुख कोणतं?"

साहेबांनी स्क्रीनकडे बोट केलं. सुहास मध्येच म्हणाला, "मुख म्हणजे जिथून आत जातं ते ना? मग ते हे." आणि त्याने फ्लॉपी घालायची फट दाखवली. गुरुजींना ते पटलं. आम्ही बाहेर पेढे वाटत होतो आणि गुरुजी आत यथासांग पूजा करत होते.

दुसऱ्या दिवशी मशीन फ्लॉपी घेईना. इंजिनिअरला बोलावलं. त्याने झाकण काढलं आणि चिमट्याने एकेक झेंडूची पाकळी बाहेर काढायला लागला. मग थोड्या अक्षता निघाल्या. तो वैतागून म्हणाला, "काय खायला घातलंय याला?"

साहेब गंभीरपणे म्हणाले, "नैवेद्य."

*

त्याच सुमारास मुलुंडच्या एका लोणच्याच्या कारखान्याचं पगाराचं काम आम्हाला मिळालं. सुहासला प्रोग्रॅम तपासायला खोटे कामगार लागायचे, तेव्हा तो आपल्या मावश्यांची नावं घालायचा. सुमन, कुसुम, मालती आणि शकुंतला. या वेळी तो ती काढायला विसरला, आणि कामगारांच्या पगाराच्या चिठ्ठ्यांबरोबर चारी मावश्यांच्या चिठ्ठ्या छापून मुलुंडला गेल्या.

तिथल्या युनियनच्या पुढाऱ्याने त्या बघितल्या. चार बाया, चारी टेम्पररी! झालं, गेटवर सभा. या भगिनींना कायम करा, नाहीतर लोणचं बंद. मॅनेजर आम्हाला फोनवर ओरडत होता आणि मागून घोषणा ऐकू येत होत्या.

सुहासने ही गंमत घरी सांगितली. बाकीच्या मावश्या हसल्या. सुमनमावशीने मात्र विचारलं, "मग झाले का रे मी कायम?"

*

आणि मग हिराबाई आली. बाजार आटोपून, हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर, कानात सोनं. चपला दाराबाहेर काढल्या. साहेबांनी स्वेटर पुढे केला, तर म्हणाली, "नको. माजा जलम बर्फान गेला."

नलिनीच्या शेजारी खुर्ची टाकून ती बसली. साहेब तिला कॉम्प्युटर म्हणजे काय ते समजावत होते. ती ऐकत नव्हती. ती नलिनीची बोटं बघत होती. आम्ही दोघं काम करण्याचं सोंग करत होतो.

तेवढ्यात दार धाडकन उघडून लोणच्याचा मॅनेजर आत आला. बूटसुद्धा काढले नाहीत. नव्या चिठ्ठ्यांना एक दिवस उशीर झाला होता आणि समोर पहिली दिसली नलिनी. कागद तिच्या टेबलावर आपटून त्याने सुरुवात केली. अक्कल आहे का, काम येतं का, कुठून कुठून भरती करता. काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नाही.

सुहासने आपला चहाचा कप हळूच बाजूला सरकवला. आता वादळ येणार होतं, आम्हाला माहीत होतं.

नलिनी खाली मान घालून म्हणाली, "सॉरी सर."

मी सुहासकडे बघितलं, सुहासने माझ्याकडे. हा शब्द तिला येतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. मॅनेजरला आणखी चेव आला. त्याचा आवाज चढला, आणि नलिनीची मान आणखी खाली गेली.

मग हिराबाई उठली.

ती काय काय बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही. सुरुवात मॅनेजरच्या मिशीपासून झाली आणि बघता बघता ती त्याच्या आजोबांपर्यंत पोचली. तो एक पाऊल मागे, ती एक पाऊल पुढे, असं करत तिने त्याला जिन्यापर्यंत नेलं. तो खाली उतरून रिक्षात बसला तरी तिचं चालूच होतं.

ती परत आली तेव्हा साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. गिऱ्हाईक गेलं, आता नलिनीही जाणार, असंच त्यांना वाटलं असणार. मलाही तेच वाटलं.

हिराबाईने कमरेवर हात ठेवले आणि नलिनीकडे बराच वेळ बघितलं. नलिनी मान वर न करता टाइप करत होती. मग हिराबाईने मोठा सुस्कारा टाकला आणि साहेबांकडे वळली.

"सायेब, ही गरीब गाय बाजारान बसली, त आमचं मावरं सडंल. लगीन झालं तरी हिला तुमीच ठेवा."