पार्ट आला नाही

उद्यामिस्त्रीला खरं नाव होतं, पण गिऱ्हाइकांनी ते कधीच मोडीत काढलं होतं. कधीही गॅरेजवर जा, स्कूटर उघडून पडलेली आणि हा म्हणणार, "पार्ट आला नाही, उद्या बघू." थापा मारण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. भित्राही तेवढाच. बायको सांगायची, झुरळ दिसलं की हा आधी स्टुलावर.

अशा माणसाकडे वर्तमानपत्रातल्या ताईंची स्कूटर सर्व्हिसिंगला आली. पुलाच्या कामात कुणी किती खाल्लं, ते या ताई रोज छापत होत्या. त्या गेल्या आणि पाठोपाठ दोघेजण आले. एकाने गोड आवाजात सांगितलं, "हिचा ब्रेक जरा सैल ठेव. उतारावर काय व्हायचं ते होईल. तुझी मुलगी कोपऱ्यावरच्या शाळेत ना?"

मिस्त्रीने मान डोलावली. ते गेल्यावर मात्र त्याने स्कूटरची दोन्ही चाकं काढली, इंजिनही खोललं. चाकंच नसतील तर ती उतारावर जाणार कशी?

ताईंना सांगावं, तर त्या दुसऱ्या दिवशी छापणार, तेही त्याच्या नावासकट. म्हणून ताई आल्या की "पार्ट आला नाही", आणि ते दोघे आले तरी तेच. आयुष्यात पहिल्यांदाच तो कामचुकारपणा जिवाच्या कराराने करत होता. लेक शाळेतून येईपर्यंत तो रस्त्याकडे डोळे लावून बसायचा.

एका दुपारी ताई आल्या त्या नव्या कोऱ्या स्कूटरवरून. "तुमच्या नादी लागले तर म्हातारी होईन मी! ती जुनी भंगारात घाला. हिचं काय ते आता शोरूमवाले बघतील."

समोरच्या चहाच्या टपरीवर ते दोघे उभे होते. एकजण नव्या स्कूटरचा नंबर मोबाइलमध्ये टिपून घेत होता. मिस्त्रीने ते पाहिलं. शोरूममधल्या कुणी अशीच मान डोलावली आणि खरंच तसं केलं तर?

ताईंनी किल्ली फिरवली. त्याने हँडल घट्ट धरलं.

"ताई, थांबा. तुम्हाला मारायचंय त्यांना. ब्रेक ढिला कर म्हणाले होते मला. म्हणून खोटं बोलत होतो."

"कोण म्हणालं?" ताईंचा आवाज चढला. टपरीवरचे सगळे वळून बघू लागले.

एकही थाप सुचेना. मिस्त्रीने तेलाने काळा झालेला हात वर केला आणि थेट बोट दाखवलं. मग गॅरेज उघडंच टाकून तो शाळेकडे पळत सुटला.