पस्तीस फेरे

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली 'काटेकोर' म्हणायची, आणि तो ते कौतुक समजायचा. निम्म्या लोकांच्या मनात कौतुकच असायचं. बाकीच्यांचं सोडून द्या. दुकान नऊला उघडायचं म्हणजे नऊला. समोरचा न्हावी त्याच्या शटरचा आवाज ऐकून आपलं भिंतीवरचं घड्याळ लावायचा. बायकोने "पाचच मिनिटं थांबा" म्हटलं की हा खरोखर पाच मिनिटं मोजायचा आणि सहाव्याला तोंड उघडायचा. असल्या माणसाबरोबर संसार करणं खायचं काम नाही, पण बाईने केला.

शौक म्हणाल तर एकच, तोही भलताच. एक इटालियन ऑपेरा, आणि त्याची चार वेगवेगळी रेकॉर्डिंगं. चार गायिका, चार काळ. इटालियनचा एक शब्द त्याला कळायचा नाही. नायिका शेवटी मरते एवढं कव्हरवरच्या चित्रावरून कळलं होतं. दर रविवारी सकाळी चहा झाला की तो स्टॉपवॉच आणि वही घेऊन बसायचा, नायिकेचं मरणापूर्वीचं गाणं चारही तबकड्यांवर ओळीने लावायचा, आणि मिनिटं-सेकंदांपुढे शेरा लिहायचा. पहिली बाई : धापा टाकते. दुसरी : कुत्रं मागे लागलंय. तिसरी : आवाज गोड, पण गाडी चुकेल या धास्तीत गाते. चौथी : मरावं तर असं.

"दर रविवारी चार बायका मारता," बायको म्हणायची, "एकीला तरी वाचवा हो!"

तिसरी बाई होती मेहुण्याची लाडकी. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, धंद्याने पियानो सुरात लावणारा. शाळांचे, घरांचे, नाट्यगृहातला तो भला मोठा, सगळे पियानो त्याच्याच हातचे. सूर धरायला जवळ लोखंडी चिमटा असायचा; आपटला की एकच स्वर देतो. पण तो पिशवीतून बाहेर काढायची वेळ क्वचितच यायची. स्वर त्याच्या डोक्यातच पक्का बसलेला. दोघांचं जमायचंही छान : एकाचं घड्याळ, दुसऱ्याचा कान, मध्ये चार मरणाऱ्या बायका.

नऊ वर्षांपूर्वी काटेकोरच्या रेकॉर्ड प्लेयरची पुली झिजली. मोटरवरचं छोटं चाक, त्यावरून रबरी पट्टा जातो आणि तबकडी फिरते. बाजारात मिळेना, तर पठ्ठ्याने घड्याळाच्या लेथवर स्वतः पितळेची घडवली. पट्टा जुना, ढिला झालेला, म्हणून तेवढी घसर भरून निघावी असा हिशोब करून पुली किंचित जाड ठेवली. महिन्याभराने नवा पट्टा मिळाला, तोही बसवला, आणि मशीन नवं म्हणून वेळांची वहीही नवी घातली. आणि रविवारी मेहुण्याला जेवायला बोलावलं, कारण केलेलं काम दाखवल्याशिवाय चैन कुठून पडणार?

पहिली बाई चार ओळी गायली नसेल, तोच मेहुणा म्हणाला, "भाऊजी, हे अर्धा सूर वर वाजतंय."

"काहीतरीच काय!"

"जवळजवळ अर्धा सूर. तुमचं मशीन जोरात पळतंय."

घरात पाहुणे होते, मेहुण्याचे दोन विद्यार्थीही होते. काटेकोरच्या मशीनला, त्यातही स्वतःच्या हाताने घडवलेल्या पुलीला, चारचौघांत नावं ठेवली! त्याचं डोकं फिरलं. "माझ्या हातचं मशीन आहे ते," तो म्हणाला, "सेकंदाचा फरक पडायचा नाही. तुझे कान गेलेत, कान! तपासून घे."

मेहुणा लाल होईल, उलट बोलेल असं सगळ्यांना वाटलं. तो पांढराफटक पडला. जेवला न जेवला, उठून गेला. पिशवीही विसरला. बहिणीने पिशवी आणून देते म्हटलं तेव्हा फोनवर म्हणाला, "राहू दे तिकडेच." पुढच्या महिन्यात कळलं की त्याने धंदाच सोडला आणि रंगाच्या दुकानात काउंटरला लागला.

"एवढा राग नाकावर?" काटेकोर म्हणाला. "बसू दे रुसून." बायको महिन्यातून एकदा भावाकडे जायची आणि घरी आल्यावर कमी बोलायची. भाऊ या घरी पुन्हा आला नाही. पिशवी कपाटाच्या वरच्या खणात पडून राहिली.

नऊ वर्षांनी, एका रविवारी, मुलीने गंमत म्हणून तीच चौथी बाई फोनवर लावली. "बाबा, दोन्ही एकदम सुरू करू." केलं. दहा-बारा ओळींत घरातली बाई पुढे निघून गेली. मुलगी हसायला लागली. "तुमची घाईत आहे हो!"

"फोन हळू चालतोय."

"फोन?" मुलगी म्हणाली. "बाबा, ऐका तरी."

फोनवरची बाई बारा सेकंद उशिरा मेली. काटेकोरने तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला, स्टॉपवॉच दाबलं आणि फेरे मोजले. मिनिटाला तेहतीस आणि वर एक तृतीयांश हवेत. पस्तीस भरले. पुन्हा मोजले. पस्तीस. नवा पट्टा घसरत नव्हता, पुली मात्र जाडच राहिली होती. सबंध गावाची घड्याळं मोजणाऱ्या माणसाने आपलं मशीन एकदाही मोजलं नव्हतं. स्वतः केलेलं काम काय मोजायचं?

सोमवारी दुकान उघडलं नाही. न्हाव्याची पंचाईत झाली. काटेकोरने पुली उतरवली, अर्धा मिलिमीटर घासली आणि चारही बायका नव्याने ऐकल्या. चौथी भयंकर रेंगाळत होती. इतकी वर्षं पळत्या मशीनने तिला सावरून धरलं होतं. तिसरीला कसलीच घाई नव्हती. ती निवांत, एकेक शब्द खाली ठेवत गात होती, आणि काटेकोरला पहिल्यांदा रडू आलं. वहीतले नऊ वर्षांचे शेरे त्याने पुन्हा वाचले नाहीत.

बायको दारात उभी होती. तिने कपाटातून पिशवी काढून त्याच्या हातात दिली. "जा," ती म्हणाली.

रंगाच्या दुकानात मेहुणा डबा ढवळत होता. केस पिकले होते. काटेकोरने नमस्कार-चमत्कार केला नाही. "पस्तीस फेरे होते," तो म्हणाला. "माझी पुली जाड होती. तू म्हणालास तेवढंच. जवळजवळ अर्धा सूर."

मेहुण्याचा हात थांबला. "नक्की?"

"दोनदा मोजले. चुकलो मी. रागाच्या भरात बोललो, तूही रुसून बसलास..."

"रुसलो?" मेहुणा म्हणाला. "भाऊजी, माझ्या गुरूंचं म्हातारपणी असंच झालं होतं. सगळं अर्धा सूर वर ऐकू यायचं, आणि त्यांना कळायचंच नाही. चांगले चांगले पियानो बिघडवून ठेवले त्यांनी. लोक मागे हसायचे. माझं तसं व्हायच्या आत थांबलो."

"अरे, पण माझ्या एका बोलण्यावरून? चिमटा आपटून बघायचा ना!"

"हिंमत झाली नाही. दुसरं कुणी म्हणालं असतं तर हसलो असतो. तुमचं कधी सेकंदाने चुकत नाही, हे सगळ्या गावाला माहीत. मी राग धरला नाही हो. मी तुमच्यावर विश्वास ठेवला."

काटेकोरने पिशवी काउंटरवर ठेवली.

मेहुण्याने ती उघडली नाही. रंगाचे हात पुसले, डोळे मिटले आणि तोंडातल्या तोंडात एक स्वर धरला. मग म्हणाला, "वाजवा."

काटेकोरने चिमटा काढला, काउंटरच्या कडेवर आपटला आणि त्याच्या कानाजवळ धरला. चिमट्याचा स्वर आणि मेहुण्याचा स्वर, दोन नव्हतेच. एकच होता. चिमटा शांत होईपर्यंत मेहुण्याने तो धरून ठेवला.

"नऊ वर्षं, भाऊजी," तो म्हणाला.

दारात गिऱ्हाईक आलं होतं, त्याला बाहेरच्या भिंतीसाठी पांढरा हवा होता. मेहुणा डबा काढायला आत वळला. काटेकोर चिमटा हातात धरून तिथेच उभा राहिला.