नळीवरचे तांबूस पट्टे

काळजी करण्यात माझ्या बायकोच्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या कॅनडात सापडायचा नाही. मे उजाडला तरी त्यांच्या गाडीचे बर्फासाठी चढवलेले विंटर टायर उतरत नाहीत. आमच्याकडे जेवायला आले तर भात अर्धा टाकून उठतात आणि गॅस बंद आहे ना, ते बघून येतात. आमचा गॅस! असे हे मामा कोक्विटलाम गावातल्या आपल्या घराच्या बेसमेंटमध्ये छंद म्हणून जुन्या लोखंडाला निळसर काळा रंग चढवतात. त्यासाठी लोखंडावर मुद्दाम गंज आणायचा, ते पाण्यात उकळायचं, तांबूस गंज काळा झाला की घासायचा आणि पुन्हा गंज आणायचा. असं सहा-सात वेळा. जन्मभर पोलादाच्या कारखान्यात काढलेल्या माणसाला याहून मोठं सुख नसावं.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्याने आपल्या वडिलांच्या शिकारीच्या बंदुकीची नळी विश्वासाने मामांकडे दिली आणि ते सुख संपलं. चौथ्या उकळीनंतर नळीवर तांबूस पट्टे उमटले. मामांनी मला तातडीने बोलावून घेतलं.

"अरे, त्याच्या वडिलांची एवढी एकच वस्तू उरलीय, आणि ती मी बिघडवली!"

आधी त्यांनी नळाच्या पाण्यावर संशय घेतला आणि डिस्टिल्ड वॉटर आणलं. मग स्वतःच्या बोटांवर, म्हणून हातमोजे चढवले. मग मामींच्या फोडणीवर. "तेल हवेतून खाली येतं," म्हणाले, आणि दोन दिवस घरात नुसत्या उकडलेल्या भाज्या. पट्टे जागच्या जागी. मामांची झोप उडाली.

शेवटी वैतागून मामीच खाली आल्या. उकळत्या पाण्यात डोकावून म्हणाल्या, "अहो, यावर तवंग कसला?"

नळीच्या पोटात वर्षानुवर्षांचं तेल होतं. तापलं की ते बाहेर पाझरायचं आणि तिथला तांबूस गंज काळा होऊ द्यायचं नाही. मामांनी नळी बाहेरून दहादा पुसली होती, आतून एकदाही नाही!

नळी आतून स्वच्छ केली, पट्टे घासून काढले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या खेपेला रंग एकसारखा चढला. परत द्यायला मी सोबत गेलो. मामा आपल्या चुकीची कबुली देत राहिले, पण म्हाताऱ्याचं लक्षच नव्हतं. नळी मांडीवर घेऊन तो तिच्यावरून हळूहळू हात फिरवत होता. "डॅडच्या हातात अशीच दिसायची," एवढंच म्हणाला.

बाहेर आल्यावर मामा बर्फातच थांबले.

"आमच्या बाबांचं घड्याळ होतं," ते म्हणाले. "इकडे निघताना भाऊ म्हणाला, तू ने. प्रवासात हरवेल, अशी भीती वाटली रे. तिथेच ठेवलं. आता ते कुठे आहे, कुणालाच सांगता येत नाही."