खड्डा पडलेली गादी

माझ्या सासूबाई ज्या गादीवर झोपत तिला मधोमध खड्डा होता, आणि तो खड्डा आमच्यापैकी कुणाच्याच अंगाचा नव्हता. तो पाडला होता मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांनी. काशीदला नारळी-सुपारीच्या वाडीत आमचं घर आहे. पुढच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना राहायला देतो आणि मागच्या अंगाला आम्ही राहतो. पैसे देऊन येतात तरी त्यांना गिऱ्हाईक कुणी म्हणत नाही, पाहुणेच म्हणतात.

आमच्याकडे गादीचा प्रवास ठरलेला होता. नवी आली की पुढच्या खोलीत. तिथे कुणी ‘जरा बसलीय हो गादी’ म्हणालं की शेजारच्या खोलीत. तिथूनही कुरकुर आली की घरात. घरात आधी आमच्या पलंगावर, आणि आमच्या पाठी बोलायला लागल्या की सासूबाईंच्या खाटेवर. त्याच्या पुढे फक्त कुत्रा उरला होता, आणि तोही त्या गादीकडे ढुंकून न बघता ओटीवरच्या गार फरशीवर पसरायचा.

हा नियम सासूबाईंचाच. मोठं पापलेट पाहुण्यांच्या ताटात, शेपटी आपल्या. जाड टॉवेल पाहुण्यांना, विरलेला आपल्याला. त्या म्हणायच्या, “पावना झोपला न्हाय तर फुडच्या वर्षी दुसऱ्याच्या दारात जाईल.” यात खोटं काही नव्हतं. या खोल्यांच्या जिवावर आमच्या मुलीचं शिक्षण झालं, घरावर पक्कं छप्पर आलं. आणि हल्लीचे पाहुणेही असे चौकस, की खोलीत शिरल्या शिरल्या चादरीचं टोक उचलून खालची गादी बघतात. तिच्यावर डाग दिसला तर सामान उचलून निघायला कमी करत नाहीत.

माझं माहेर तळे गावचं. तिथे समुद्र नाही, पाहुण्यांच्या खोल्या नाहीत. घरात नवी गादी आली तर घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाखाली जाणार, हे सांगावंही लागत नसे. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला वाटलं, असेल बाई इथली रीत. पुढे मीही हसत हसत पाहुण्यांच्या उतरलेल्या गाद्यांवर झोपले. पण सासूबाईंच्या कमरेचं दुखणं सुरू झालं आणि माझं हसू गेलं.

सकाळी त्या खिडकीचा गज धरून उठायच्या. आधी एका कुशीवर व्हायच्या, पण खड्ड्यामुळे पुन्हा मधे घरंगळायच्या. मग एक हात गजाला, मग दुसरा, मग ‘अगो बाय’ असा कण्हण्याचा आवाज, आणि मग कशाबशा उभ्या. त्यांच्या हाताच्या जागी गजाचा रंग उडून लोखंड उघडं पडलं होतं. आणि ही बाई उठून काय करायची, तर पाहुण्यांसाठी घावन. मी चहा ठेवताना तो कण्हण्याचा आवाज ऐकायची. राग यायचा, खरं सांगायचं तर त्यांचाच.

अलिबागच्या डॉक्टरांनी कंबर तपासली आणि बजावलं, आजी, आधी गादी बदला. सासूबाईंनी मान डोलावली. घरी आल्यावर त्यांनी माझ्या नवऱ्याला हाक मारून तीच गादी उलटी करून घेतली. वरचा खड्डा खाली गेला, म्हणजे काम झालं! पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

मग नवऱ्यानं एकदा हिंमत करून रेवदंड्याहून आईसाठी म्हणून गादी आणली. त्याच आठवड्यात ठाण्याचं एक मोठं कुटुंब आलं. “दोन दिवस घाल म्होरल्या खोलीत, मंग आण,” असं सासूबाईंनी सांगितलं आणि यानं घातली. ती गादी परत आलीच नाही. म्हणजे आली, पण तिला खड्डा पडल्यावर. ये रे माझ्या मागल्या. सासूबाई आता झोपत होत्या ती हीच गादी.

या वेळी मात्र मी ठरवलं. पावसाळा संपला, दिवाळीची गर्दी यायची होती. एका सकाळी मी जाहीर केलं, की आपण तिघं अलिबागला जाऊन गादी आणणार आहोत, ती आईंसाठी असेल, आणि आई स्वतः तिच्यावर झोपून बघणार आहेत. सासूबाई म्हणाल्या, “मला काय झालाय? चांगली हाय मी.” मी म्हटलं, “चांगल्या आहात तर मिनीडोअरमध्ये चढून दाखवा.” रेवदंड्यापर्यंत एसटीनं गेलो आणि पुढे सहा आसनी मिनीडोअर रिक्षातून. सासूबाई वाटभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुकानात गाद्या खाटांवर मांडून ठेवल्या होत्या. आमच्याकडे गादी घेतात ती अशी: कडेला बसायचं, पाय जमिनीवरच, आणि मूठ दाबून बघायची. नवऱ्यानं रेवदंड्याला हेच केलं होतं. सासूबाईंनीही बाजारात पापलेट दाबून बघतात तसं दोन बोटांनी गादीचं पोट दाबलं आणि निकाल दिला, “बरी हाय. घ्या, चला.”

दुकानदार समजूतदार होता. “काकी, झोपून बघा ना,” तो म्हणाला.

“चारचौघांत आडवं व्हायचं ते एकदाच,” सासूबाई म्हणाल्या, “आनि ते आपन बघाया नसतो.”

दुकानदाराला हसावं की नाही ते कळेना. नवरा ‘पाणी घेऊन येतो’ म्हणून सटकला. मला मात्र चीड आली. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हा कुठला न्याय? मी चपला काढल्या, पदर खोचला आणि त्या गादीवर सरळ आडवी झाले. वर पंखा फिरत होता. बाजूला उशा बघणारं एक जोडपं बघतच राहिलं. माझे कान गरम झाले होते, पण उठले नाही. डाव्या कुशीवर झाले, उजव्या कुशीवर झाले, पालथीही झाले. म्हटलं, “तुम्ही येईपर्यंत मी उठत नाही.”

“उठ गो! काय त्ये ध्यान!”

“तुम्ही झोपा, मी उठते.”

शेवटी लाजेपायी झोपल्या त्या. पदर गळ्यापर्यंत घट्ट धरून, पाय जुळवून, डोळे टक्क उघडे. मलाच क्षणभर भीती वाटली. “आई, कुशीवर वळा,” मी घाईनं म्हटलं.

कुशीवर वळायला गेल्या आणि अडकल्या. गादी इतकी मऊ होती, की अंग आत गेलं ते गेलं. विचारलं तर म्हणाल्या, बरी हाय. दुसरी काथ्याची होती, चांगली कडक. तिच्यावर कुशीवर होताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. विचारलं तर तेच, बरी हाय. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की यांच्या तोंडाला विचारण्यात अर्थ नाही. आयुष्यभर ज्या बाईनं पाहुण्यांच्या पसंतीवर गादी ठरवली, तिला स्वतःची पसंती कुठून सांगता येणार? मी विचारणं बंद केलं. झोपलेल्या कशा दिसतात तेही बघणं सोडलं. त्या उठतात कशा, तेवढंच बघायचं ठरवलं.

खाली काथ्या आणि वर जाड फोम अशी एक गादी भिंतीकडेला होती. तिच्यावर सासूबाई कुशीवर झाल्या, कोपर टेकलं, पाय खाली सोडले आणि बसत्या झाल्या. हात गज शोधायला वर गेला नाही. बसल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दुकानदाराला म्हटलं, “हीच.”

टेम्पो घरी आला तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, “म्होरल्या खोलीत घाला रं!” मी दारात आडवी उभी राहिले आणि गादी मागच्या खोलीत, त्यांच्याच खाटेवर घालून घेतली. वाटलं, जिंकले. पण सासूबाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी गादीचं प्लास्टिक काढू दिलं नाही. “खारी हवा हाय, खराब होल,” म्हणाल्या. त्या प्लास्टिकवर सोलापुरी चादर घालून झोपायच्या. रात्रभर खाली करकर, अंगाला घाम, आणि चादर सकाळी जमिनीवर. मी रोज सांगायची, त्या रोज नको म्हणायच्या. मला कळत होतं हे कशासाठी चाललंय. गादी नवी राखली जात होती, ती स्वतःसाठी नाही.

दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी, संध्याकाळी, मी तिघांसाठी चहा घेऊन ओटीवर आले, तर गादी उभी! एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला कमरेवर हात ठेवून सासूबाई. पुढच्या खोलीत पाहुणे उद्या येणार होते.

“दोन दिवसांचा तर प्रश्न आहे,” नवरा माझी नजर चुकवत म्हणाला.

“दोन दिस गो,” सासूबाईंनी री ओढली.

माझं डोकं फिरलं. पण आवाज चढवला नाही मी. म्हटलं, “खाली ठेवा.” माझ्या तोंडाकडे बघून दोघांनी गादी आडवी केली. चहाचं ताट कठड्यावर ठेवून मी कोयती आणली आणि प्लास्टिक या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडलं. गादी पांढरीशुभ्र होती. मग मी माझा कप उचलला आणि सगळा चहा तिच्या बरोबर मधोमध ओतला.

“वेड लागलं का तुला?” नवरा ओरडला.

“आता घाला पाहुण्यांना,” मी म्हटलं.

तपकिरी डाग पसरत पसरत हातभर झाला. नवी वस्तू नासवायची हे माझ्याही हाडात नाही, आणि सासूबाईंसमोर तर कधीच नाही. वाटलं, आता या मला माहेरी, तळ्याला धाडणार. त्यांनी डागाकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “साखर हाय त्यात. मुंग्या लागतील.” आणि ओलं फडकं आणायला आत गेल्या.

त्या दिवसापासून ती गादी त्यांची झाली. आभार वगैरे मानणाऱ्यांतल्या त्या नाहीत. शेजारणीला मात्र सांगताना मी ऐकलं, “सुनेनं च्या सांडला, म्हनून मला गावली.” पण सकाळचा तो कण्हण्याचा आवाज हळूहळू थांबला. पुढच्या पावसाळ्याआधी नवऱ्यानं खिडक्या रंगवल्या, तेव्हा त्या गजालाही रंग लागला, आणि तो टिकला.

हे सगळं मी इतक्या ताठ्यानं सांगते आहे, म्हणून यंदाचं सांगायला हवं. यंदा माझीच पाठ धरली. भांड्यांची पाटी उचलताना उसण भरली, ती सुटेना. आमच्या पलंगावरची गादी अर्थातच पाहुण्यांची उतरलेली. नवऱ्यानं मला न विचारता अलिबागच्या त्याच दुकानातून तशीच गादी आणली. टेम्पो अंगणात उभा राहिला. उद्यापासून खोल्या भरलेल्या होत्या. मी ओटीवर आले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “पुढच्या खोलीत घाला.”

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी घाईनं म्हटलं, “अरे, मला काय झालंय? दोन दिवस तर घाल, मग आणू की.”

आत सासूबाई पाट्यापाशी बसून पाहुण्यांच्या सुरमईला हळद-मीठ लावत होत्या. त्या उठून बाहेर आल्या. कुठलाही गज न धरता, पण आपल्या चालीनं, सावकाश. टेम्पोवाल्यानं गादी ओटीवर टेकवली होती. त्यांनी डाव्या हाताच्या नखानं प्लास्टिकला भोक पाडलं, टरटर फाडलं, आणि उजव्या हाताचा हळदीनं माखलेला पंजा त्या पांढऱ्या कापडावर दाबून धरला. पाचही बोटं उमटली. माशाचा वास सगळ्या ओटीवर पसरला.

मग हात काढून घेत त्या मला म्हणाल्या, “आता घाल पावन्यांना.”