फुंकरीनं फिरणारं रीळ

अप्पा अंथरुणाला खिळले आणि सोलापुरात घरचे माग सांभाळायला उरलो मी एकटा. अण्णा, माझा थोरला भाऊ, अप्पांशी भांडून केव्हाच रत्नागिरीला गेलेला. तिथं नोकरी, आणि संध्याकाळी किनाऱ्यावरून गळ टाकायचा नाद. अप्पा एवढंच म्हणाले, “त्याला एकदा घिऊन ये. बघू दे डोळ्यांनी.”

रिकाम्या हातानं गेलो तर अण्णा दारातूनच परत पाठवेल, म्हणून गळाचं रीळ न्यायचं ठरवलं. समुद्र कधी न पाहिलेल्यानं समुद्राचं रीळ निवडायचं, ही अक्कल माझीच.

जुन्या बाजारात दोन सापडली, कुणा साहेबाच्या मोडीत निघालेल्या सामानातली. एक बोजड, त्याची दोरा गुंडाळायची कांडी बोटानं ढकलली तरी हलेना. दुसऱ्याची फुंकर मारली तरी गरगरायची.

“यातलं चांगलं कुठलं?” मी दुकानदाराला विचारलं.

“मला काय इचारता? आमच्यात मासं चालत न्हाईत.”

मग मीच तज्ज्ञ. मागावर जन्म गेलेला. अडणारी कांडी सूत तोडते, हे आमच्यात पोरांनाही ठाऊक. गरगरणारं उचललं.

रत्नागिरीत अण्णानं ते हातात फिरवून पाहिलं आणि काठीला बसवलं. किनाऱ्यावर म्हणाला, “फेकताना अंगठा ठेव त्याच्यावर.”

“दोऱ्याचं मला सांगू नकोस,” असं म्हणून मी फेकलं. गळाचं शिसं पाण्यात पडलं, पण रीळ फिरायचं थांबेना. बघता बघता नायलॉनचं कावळ्याचं घरटं झालं. अण्णा पोट धरून हसला. मला वाटलं, हीच वेळ.

“घरी चल. अप्पांनी बोलावलंय.”

त्याचं हसू विरलं. गुंता चाचपत त्यानं हळूच विचारलं, “हे त्यांनी दिलं व्हय?”

नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं. पण माझी अब्रू आधीच वाळूत पडलेली, ती उचलायची घाई.

“छे, त्यांना काय कळतंय यातलं? माझी निवड.”

अण्णानं चाकूनं गुंता कापला आणि रीळ काठीवरून सोडवून माझ्या हातात ठेवलं. “तूच जा,” म्हणाला.

मी एकटाच एसटीनं परतलो. अप्पांनी विचारलं, “काय म्हणाला?”

“रजा मिळाली की येतो म्हणाला.”

त्यांनी खाट दाराकडं वळवायला लावली. वळवली मीच.